धाकलूच्या होडीचं संकटयंत्र

धाकलूची होडी भातसाच्या धरणात या काठावरून त्या काठाला माणसं नेते. गेली तीस वर्षं तिच्यावर संकटाचं एकच साधन होतं, ते म्हणजे बायको भिमी. होडी कुठे अडली की धाकलू "होऽऽ" करून हाक मारी आणि भिमी काठावरून चार गडी पिटाळी. दोन वर्षांपूर्वी भिमीचे कान गेले. गेल्या श्रावणात होडी पाण्यातल्या खोडावर चढली तेव्हा धाकलू घसा फुटेस्तोवर ओरडला, आणि भिमी काठावर पाठ करून निवांत लसूण सोलत बसली. तेच त्याला बुडण्याहून जास्त लागलं. हिला कळणारच नसेल तर बुडून तरी काय उपयोग, असं त्याला वाटलं.

म्हणून तो शहापूरला मनोजच्या पंप-मोटारींच्या दुकानात गेला. मनोज स्वतःला माहीत नसलेली वस्तू जास्त जोमाने विकतो. त्याने एक पिवळं यंत्र पुढे ठेवलं.

"बटन दाबलं का उपग्रहाला कळतं, काका. तिथून बचाववाल्यांच्या कचेरीत, कचेरीतून घरी फोन."

"फोन कोन घेल?"

"काकी."

"तिला आयकू येत नाय, म्हनून तं आलो रे."

मनोज दुसरं खोकं काढायला आत गेला. आता आपल्याकडे साधं मडकंसुद्धा टिचकी मारल्याशिवाय कुणी घेत नाही. धाकलूने यंत्र पायरीवर उजेडात नेलं, बटण दाबलं, कान लावला. खणखणीत वाजेना, तेव्हा नापास करून फळीवर ठेवून दिलं.

थोड्या वेळाने मनोजचा फोन वाजला, कारण यंत्राची नोंद त्याच्याच नावावर होती. पलीकडचे कचेरीतले साहेब घाबरले होते. "तुमची बोट शहापूरच्या बाजारात दिसतेय. माणसं किती?"

मनोजने फोन धाकलूकडे दिला.

"दोन. मी आन् शेट," धाकलू म्हणाला. "पानी नाय, पन पंप हायेत."

होडी कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. ती घरी पालथी घातलीय म्हटल्यावर त्यांनी 'उलटली' असं लिहून घेतलं. मनोजने फोन ओढून माफी मागितली, यंत्र बंद केलं आणि धाकलूच्या हातात एक लुकलुकता लाल दिवा कोंबला. त्याचा कुठल्याही कचेरीशी संबंध नव्हता.

दिवेलागणीला धाकलूने होडी सुलटी करून मध्यावर नेली आणि दिवा लावला. भिमीला काही सांगायचं राहूनच गेलं होतं. लाल दिवा पाहून ती तशीच पाण्यात शिरली, छातीपर्यंत. धाकलूने जीव खाऊन वल्ही मारली.

"बुडाले का वो तुमी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली, दिव्याकडे बोट केलं, मग तिच्या डोळ्यांकडे.

"दिसतो," भिमी म्हणाली. "आता रोज लावा. नाय दिसला तं मी पान्यात येन."

तेव्हापासून होडी सुखरूप असली की धाकलू संकटाचा दिवा लावतो. नवखा उतारू घाबरून होडीची कड घट्ट धरतो. तिकडे भिमी हात वर करते, मग धाकलू दिवा विझवतो.