भंडारदऱ्याच्या धुक्यात

आमच्या ह्यांनी दिवाळीनंतर मित्रांबरोबर भंडारदऱ्याला तंबूत राहायचा बेत केला. मागच्या वर्षी ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली, आणि निघाले जंगलात झोपायला! मी म्हटलं, "आधी जागा मी बघणार. दवाखाना किती लांब, रेंज येते का, सगळं. मग ठरवू."

काष्टीहून आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो, अकोले गावाहून पुढे जीप. ऊस मागे पडला, भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) लागली. आम्ही सपाटीची माणसं. इथं पुढचं वळणसुद्धा दिसेना. राजूर सोडलं आणि मोबाईल मेला.

"पुढं दवाखाना आहे का?" मी जीपवाल्याला विचारलं.

"मोठा न्हाई. काय झालं तर माघारी राजूरलाच."

मी पर्समधल्या ह्यांच्या गोळ्या चाचपल्या.

धरणाजवळ नागलीची (नाचणीची) भाकरी आणि पिठलं मिळालं. हे मिटक्या मारत होते, मी मोबाईल वर धरून रेंज शोधत होते. मग तंबूची जागा बघायला पाण्याच्या कडेनं रानात शिरलो. कसलं काळंशार पाणी! तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खाली बसले, हे पुढं गेले. मान वर केली तर समोर नुसतं पांढरं. धुकं उतरलं होतं. हे दिसेनात, आणि जिभेखालच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये!

"अहो!" मी ओरडले. "अहो, कुठं आहात?"

"काय गंऽ?" कुणी भलताच पुरुष लांबून ओरडला. मी रडकुंडीला आले. गवताचा भारा घेतलेली एक बाई धुक्यातून पुढं आली.

"कोनाला हाका मारता, बाई?"

"मालकांना. हार्टचे पेशंट आहेत हो!"

"मंग नाव घ्या की! नुस्तं अहो म्हनल्यावर रानातला समदाच गडी वळंल."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. जीभच उचलेना. डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडले, "ज्ञानदेऽऽव! ज्ञानदेव, ओ द्या!"

खालून, पाण्याच्या बाजूनं, बारीक "ओ" आली.

दगडाला टेकून बसले होते, ओठ पांढरे, अंगाला घाम. मी जिभेखाली गोळी ठेवली. बाईनं भारा टाकला, आम्ही दोघींनी धरून त्यांना रस्त्यावर आणलं, जीपमध्ये बसवलं. राजूरला डॉक्टरांनी तपासलं, बराच वेळ झोपवून ठेवलं, मग म्हणाले, "घरी न्या. डोंगर आता नको."

परतीच्या एसटीत हे खिडकीला डोकं टेकून बसले. मग म्हणाले, "तुझं अहो ऐकलं मी. वाटलं, दुसरीच कुणी नवऱ्याला हाक मारतेय. मग नाव आलं. आई गेल्यापासून मला सगळे तात्याच म्हणतात. म्हटलं, आईच न्यायला आली."

भरल्या एसटीत, सगळ्यांच्या देखत, मी त्यांचा हात धरला.

"न्यायला मी आलेय. घरी चला, ज्ञानदेव."