छताजवळची वलणी

परळच्या डॉक्टरांनी आईच्या उजव्या खांद्याचा फाटलेला स्नायू दुर्बिणीतून शिवला. टाके काढताना त्यांनी विचारलं, "मावशी, खांदा एवढा झिजला कशाने?"

"काठीने कपडे वाळत घालते. लालबागची खोली लहान, वलणी छताजवळ."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टर आम्हा दोघा भावांकडे वळले. "पुन्हा हात वर ताणला तर शिवलेलं उसवेल. वलणी खाली बांधा."

"येता-जाता ओले कपडे तोंडाला लागतात हो," मोठा भाऊ म्हणाला. मीही मान डोलावली.

"मग कपडे तुम्ही वाळत घाला."

आम्ही दोघेही हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

घरी जाताना आम्ही आईसाठी ॲल्युमिनियमची हलकी काठी विकत घेतली.