डग्गा मागे पडू लागला तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका झालं.

मी तबला वाजवतो, सुधाकर पेटी वाजवायचा. नोकरीला नवे होतो तेव्हा जर्सी सिटीत आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनची ही जोडी. शनिवारी पोहे करायचे, खिडक्या लावून घ्यायच्या आणि शेजारी भिंत ठोकेपर्यंत वाजवत बसायचं. फार सुखाचे दिवस होते ते. अजूनही पोह्यांचा वास आला की मला त्याची पेटी ऐकू येते. पुढे दोघांनी मॉरिसव्हिलला घरं घेतली, तीही एकाच गल्लीत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही वाजवलं नाही असं एक वर्ष गेलं नाही.

मग सत्तरी ओलांडली. घरी रियाज करताना काहीतरी खटकायला लागलं. उजवा हात एकटा वाजवून पाहिला — स्वच्छ. डावा एकटा — तोही ठीक. पण दोन्ही एकत्र आले की डावा रेंगाळायचा. डग्गा मागे पडायचा आणि एका 'धा'चे दोन तुकडे ऐकू यायचे. वय, दुसरं काय? पण ते कबूल कोण करणार — मी? उभ्या मंडळाला लय शिकवणारा?

त्या वर्षी तालमीत गाणारी मुलगी मध्येच थांबली. "काका, लय कुठेतरी ऑफ होतेय का?" कुणाची, ते तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. आणि मी — मी वळून म्हणालो, "सुधाकर, तू पळतोयस रे."

नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काय म्हणू?

तो वाद घालणारा माणूसच नव्हे. घरी मेट्रोनोम लावून बिचाऱ्याने घाम गाळला. तालमीला आला की मी पुन्हा नकारार्थी मान हलवायचो — हो, पुन्हा पुन्हा. शेवटी तोच म्हणाला, "आता माझ्याच्याने होत नाही यार," आणि पेटी मंडळाला देऊन टाकली. त्याच्या लयीत काडीचाही दोष नव्हता.

तबल्यावर अजून मीच बसतो. पेटीवर आता त्या गाणाऱ्या मुलीची आई असते. ती माझ्याकडे बघत सांभाळून घेते, म्हणून खपून जातं. सुधाकर पहिल्या रांगेत बसतो. त्याची टाळी अचूक समेवर पडते.

कार्यक्रम संपला की तो चारचौघांत अभिमानाने सांगतो, "मला याने वेळेवर सावध केलं, नाहीतर माझं हसं झालं असतं. मित्र असावा तर असा."

मी शेजारीच उभा असतो. ऐकून घेतो.