दोन पट्ट्यांच्या मधला सूर

आमच्या बाळकुमात लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. माझी बायको त्यातली. वही नाही, पुस्तक नाही, सगळं गळ्यात. तो गळा बसायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता गाणं कमी करा. मी ठरवलं, घरी कॉम्प्युटर आणायचा नि सगळे धवले त्यात भरून ठेवायचे.

मुलगी ठाण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करायची. म्हणाली, "बाबा, साधा पीसी घेऊ. साऊंड कार्ड टाकू, माइक लावू. आईचा आवाज आत जाईल."

कल्याणच्या एका वाजंत्र्याकडे वेगळा कॉम्प्युटर होता, जुना, खास संगीताचा. कीबोर्डवर वाजवलेलं जसंच्या तसं परत वाजवायचा. हळदीला कीबोर्ड वाजवून नाव कमावलेला मी. शाळा चौथीपर्यंत, पण गाण्यातलं मला पोरीने सांगायचं? जुनाच उचलला.

बायको पदर सारखा करून बसली, अख्खा धवला गायली. मी बटण दाबलं. काहीच नाही.

"आवं, मी खय गेलू?" ती म्हणाली.

मुलगी हळूच बोलली, "बाबा, यात आवाज जात नाही. फक्त कीबोर्ड जातो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. माहीत नव्हतं. बायकोकडे वळलो. "तू म्हण गं, मी चाल बसवतो."

मग दोन-तीन महिने तेच. ती ओळ म्हणायची, मी पट्टी शोधायचो. तिचा सूर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी बसलेला. "परत म्हण." परत. "अजून एकदा."

"मी काय पेटी हाय?" ती चिडायची. "माज्या गल्याला खुट्या मारू नका." तरी म्हणायची. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मुलगी खरी ठरली असती.

पुढच्या वर्षी मुलीने स्वतःच्या पगारातून पीसी आणला. तिने आईपुढे माइक धरला. आईने तोंड उघडलं, नि नुसती हवा आली. मग बायकोने धवल्यांचे शब्द बोलून दाखवले, कुजबुजल्यासारखे. तेवढेच आत गेले.

आता एकात शब्द आहेत, जुन्यात माझ्या बोटांची चाल. ती चाल कधी लावली की बायको कान देते आणि मान हलवते.

"असा नाय तो," म्हणते.

कसा, ते दाखवायला जाते आणि खोकते. मी बटण बंद करतो.