फ्रेंच शिल्पकाराची लेक

डब्लिनला होतो तेव्हाची गोष्ट. ओहायोतलं डब्लिन, साल २००४. मी शेजारच्या कोलंबस शहरातल्या एका म्युझियममध्ये फुकट काम करायचे. डिपेंडंट व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नव्हती, आणि दिवसभर घरात बसून भिंतींशी बोलायची माझी तयारी नव्हती. नवरा ऑफिसला जाताना मला सोडायचा. गळ्यात बिल्ला अडकवून मी लोकांना एका फ्रेंच शिल्पकाराची खोली दाखवायचे. एकोणिसाव्या शतकातला माणूस. बाप थडग्यांचे दगड घडवणारा. पोरगा पॅरिसला गेला, शिकला, घोड्यावरचे सेनापती घडवून त्यानं नाव कमावलं. त्या सेनापतींना आज कुत्रंसुद्धा विचारत नाही. लोक येतात ते त्याच्या मुलीला बघायला.

मुलगी जन्मली ती गेलेलीच. बापानं तिच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतला. इथवर ठीक, त्या काळी तशी पद्धतच होती. पण हा गृहस्थ तिथं थांबला नाही. दर काही वर्षांनी तो तिला मोठी करत गेला. त्या खोलीत ती ओळीनं उभी होती. आधी फ्रॉकमधली, मग वेणीवाली, मग कुणा सावकाराच्या थडग्यासाठी घडवलेली, फुलं घेऊन बसलेली चांगली तरणीताठी बाई. नाक तेच, किंचित उचललेला वरचा ओठ तोच, आणि डोळे सगळ्यांचे मिटलेले. "ती वाढत गेली, पण डोळे काही उघडले नाहीत," असं मी म्हटलं की समोरची माणसं नकळत मागे सरकायची. मला मेलीला त्यात जरा मजाही वाटायची.

आदल्याच वर्षी माझीही तशीच गेली होती, हे त्यांना कुठं माहीत होतं! दिवस भरले होते. नर्सनं विचारलं, बघायचंय का? मी भिंतीकडे तोंड केलं. नवरा सह्या करायला म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. त्यानंतर तो विषय आम्ही कधी काढला नाही. मला माझ्या मुलीचा चेहरा माहीत नव्हता, आणि ते माहीत नसणं मला आतून पोखरत होतं.

म्युझियमच्या दुकानात त्या तान्ह्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या प्रती विकायला होत्या. मी एक घेतली. का घेतली ते विचारू नका. शेजारी सेनापतीचा घोडाही होता, तो घ्यायचा की नाही! घरी आणून मी तो चेहरा लहान खोलीत खिळ्याला टांगला. नवऱ्यानं बघितलं आणि गप्प झाला. तो तसा नेहमीच गप्प, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

थंडीत साताऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांना ती खोली देऊ केली तर म्हणाल्या, "तिथं नको गं, मी आपली बाहेर बरी." हॉलमधल्या सोफ्यावरच झोपायच्या. त्या खोलीत त्या पाऊलही टाकत नाहीत, असं मी धरून चालले होते.

मग एके सकाळी त्या चेहऱ्याचा ओठ ओला दिसला. बोट लावलं तर चिकट. बाहेर बर्फ, घरात गरम हवा सोडणाऱ्या फर्नेसचा कोरडेपणा, ओल येणार कुठून? दोन-तीन दिवसांनी कपाळ पिवळट दिसायला लागलं. एकदा तर चेहरा खिळ्यावर नव्हताच. खिडकीपाशी टेबलावर होता, उजेडाकडे तोंड करून. मी परत टांगला. दुपारी बघते तर पुन्हा टेबलावर! भुताखेतांची भीती मला नाही. भीती ही की माझंच डोकं फिरलंय, झोपेत उठून मीच हे उद्योग करतेय. म्युझियममध्ये त्या फ्रॉकवालीसमोर उभं राहणं नकोसं झालं. मिटल्या डोळ्यांनी ती माझी वाट बघतेय असं वाटायचं. ते डोळ्यांचं वाक्य मी बोलायचंच सोडून दिलं.

एका शनिवारी मी आंघोळीहून जरा लवकर आले. लहान खोलीचं दार अर्धवट उघडं, आतून कुजबुज. बघते तर सासूबाई टेबलासमोर बसलेल्या. हातात दूध-साखरेची वाटी. बोट बुडवून त्या त्या ओठाला लावत होत्या. "घे गं माझी बाय, घे."

मी किंचाळलेच. "आई! काय चाललंय हे?"

"अगं हळू. नैवेद्य दाखवतेय. टाक असा खिळ्याला टांगतात का? हळदीचं बोट नाही, काही नाही, तेही मीच लावलं. निदान पूर्वेला तोंड तरी करावं बाई."

माझ्या सासरी घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीच्या लहानशा पत्र्यावर चेहरा उठवायचा आणि देव्हाऱ्यात देवांशेजारी बसवायचा. आम्ही आमच्या लेकीचा टाक इथल्या पद्धतीनं करून घेतला, असं त्या माउलीला वाटलं होतं.

माझा भडका उडाला. "टाक नाहीये तो! दुकानातली वस्तू आहे. कुणा फ्रेंच माणसाची मुलगी आहे ही, आपली नाही. आपली कशी होती ते कुणालाच माहीत नाही!"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली.

"असं कसं म्हणतेस? आल्या दिवशी तोच मला इथं घेऊन आला. म्हणाला, आई, हुबेहूब अशीच होती. हेच नाक, हाच ओठ. म्हणाला, दवाखान्यात मी घेऊन बसलो होतो तिला."

लेकीला कधी न बघता, इतक्या वस्तूंमधून, मी नेमका हाच चेहरा उचलून घरी आणला होता.

माझा आवाज ऐकून नवरा दारात येऊन उभा राहिला होता. चहाचा कप तसाच हातात. आईच्या बोलण्यावर त्यानं मान खाली घातली. सह्या करायला किती वेळ लागतो, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. त्याच्यावर ओरडायला माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या. मला का नाही सांगितलंस, एकट्यानं कसं सोसलंस.

"केस होते का रे तिला?" मी विचारलं.

"होते ना. भरपूर," तो म्हणाला. "कपाळावर आले होते. मी मागे सारले."