जावयाने गाळलेल्या शिव्या

आमचा जावई टोंगाई हरारेच्या विद्यापीठात कामाला आहे. गावोगावच्या लोकांचं बोलणं टेपवर घेतात, ते हा ऐकून जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवतो. असं ढीगभर बोलणं साठलं की आपली शोना भाषा कशी बदलत गेली ते कळतं म्हणे. माणूस कामाला चोख, पण सासूचा मान राखायची आमची रीत त्याच्या हाडात मुरलेली.

एकदा त्याच्याकडे माझीच टेप आली. मी बोलत असताना शेळी भाजीच्या वाफ्यात शिरली होती आणि मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. टोंगाईने तेवढी जागा कोरी सोडली. त्याच्या मॅडम भडकल्या, "जुन्या शिव्याच तर हव्यात! शब्द गाळणारा माणूस मला नको."

नोकरीवरच आलं. तो गावी येऊन माझ्यापुढे उकिडवा बसला, खाली बघत म्हणाला, "सासूबाई, तुमचे ते शब्द माझ्या बोटांतून उतरत नाहीत."

"अहो जावईबापू, मी शेळीला बोलले, तुम्हाला नव्हे!"

तरी गडी हलेना. शेवटी माझी लेक मेविस नवऱ्याला म्हणाली, "सरका, मी लिहिते. मला टेपचीही गरज नाही. लहानपणी त्या सगळ्या शिव्या मीच खाल्ल्यात."

मॅडमनी ते चालवून घेतलं. आता घरी माझी टेप लागली की टोंगाई अंगणात जाऊन बसतो.