अडतीसचा निम्मा

एकोणसत्तराव्या वर्षी माणसानं नातवंडांचा अभ्यास घ्यावा की स्वतः परीक्षेला बसावं? नामदेवअण्णा साळोखे परीक्षेला बसले होते. हौस नव्हती हो, गळ्याशी आलं होतं.

इचलकरंजीहून पंचविशीत ते चंदीगडला आले आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर उभे राहिले, ते चव्वेचाळीस वर्षं उभेच. मालक गेले, त्यांचा मुलगा गुरबीर गादीवर बसला. यंदा त्यानं जुने सगळे लेथ विकायला काढले आणि कॉम्प्युटरवर चालणारी दोन मशिनं आणली. त्यानं सांगून टाकलं, "ताया जी, जो ये चला लेगा, वो रहेगा." अण्णांना तो ताया जी, म्हणजे मोठे काका म्हणायचा; वाईट नाही, पण व्यवहाराला पक्का.

आता पेन्शनीत बसून खायचं सोडून हा म्हातारा कशाला धडपडतोय, असं कुणीही म्हणेल. मुलगा अंबरीश हैदराबादहून रोज फोनवर तेच म्हणायचा. पण सुशीलाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यातल्या खोलीत अण्णांनी एकट्यानं काढलेले रविवार अंबरीशला कुठं ठाऊक? रविवारी दुपारी भिंतीकडं बघत ते सोमवारची वाट बघायचे. सोमवारच गेला तर काय करायचं?

मशीन शिकवायला मोहालीच्या विक्रेत्या कंपनीनं पाठवली ती ओजस्विनी, चोवीस वर्षांची, सांगलीची पोर. मराठी ऐकून अण्णांच्या जिवात जीव आला. "पोरी, मला जरा दमानं सांग. मी दोनदा विचारीन, कंटाळू नकोस," ते म्हणाले.

"दहादा विचारा, काका," ती म्हणाली. आणि खरंच, दोन आठवड्यांच्या शिकवणीतल्या दोन्ही रविवारी सुट्टी मोडून ती त्यांच्यासाठी आली.

अण्णांनी दोनशे पानी वही केली. बसमध्ये वही, जेवताना वही. ध्रुव नावाचा विशीतला कारागीर आठवड्यात मशीन चालवू लागला. अण्णांना पडद्यावरचं बटण शोधायलाच मिनिट लागायचं. चष्मा वर, चष्मा खाली. पोरं हसायची, अण्णा हसू द्यायचे.

शनिवारी परीक्षा झाली. एकच 'जॉब', म्हणजे एक दांडा अडतीस मिलिमीटर व्यासाचा करायचा, बस्स. गुरबीर समोर उभा, ओजस्विनी कागद घेऊन बाजूला. अण्णांचे आकडे एकेक करून बरोबर पडत होते.

आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळीत घात झाला. हातानं चालवायच्या लेथवर व्यास दोन मिलिमीटरनं उतरवायचा असला तर हत्यार एकच मिलिमीटर आत न्यायचं असतं, कारण गोल फिरणारा दांडा दोन्ही अंगांनी झिजतो. हा निम्मा हिशेब अण्णांच्या हातात इतका मुरला होता की तो आता डोक्याला विचारत नसे. नव्या मशिनला मात्र सरळ व्यास सांगायचा असतो. वहीत हे लाल शाईनं लिहिलं होतं. अण्णांनी अडतीसच्या जागी एकोणीस टाकले आणि बटण दाबलं.

हत्यार सणकन आत घुसलं. कर्कश आवाज झाला, पातं फुटलं, दांडा वाकडा झाला. ओजस्विनीनं झेप घेऊन मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं.

"कोई गल नहीं, ताया जी," गुरबीर अगदी मऊ आवाजात म्हणाला. त्यानं ऑफिसातली खुर्ची मागवून पंख्याखाली ठेवली. "आप रोज आया करो. चाय पियो, लड़कों को पुरानी बातें सुनाओ."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. अण्णांनी चक्क हात जोडले. "बेटा, गलती समझ में आ गई है. एक जॉब और दे दे." ज्या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून वर्कशॉप दाखवलं होतं, त्याच्यापुढं. गुरबीर मान खाली घालून ऑफिसात गेला.

अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. सुट्टी होईपर्यंत मशिनपाशी उभे राहिले. पाय भरून आले, तरी उभेच.

ओजस्विनी बॅग उचलून जवळ आली. "काका, मी कागदावर नापास लिहिलंय," ती म्हणाली.

"बरोबर लिहिलंस गं. उद्या रविवार आहे. येशील ना शिकवायला?"

"आता कशासाठी, काका?"

"कुठं चुकलो ते आज कळलंय मला. आता कुठं शिकायला लागलोय बघ."

"येते," ती जमिनीकडं बघत म्हणाली. ती येणार नाही हे अण्णांना तिथंच कळलं. तरी त्यांनी वेळ ठरवून घेतली, सकाळी दहाची.